फुल-फ्रेम घेण्याआधी या चुका टाळा: कोकणातल्या हौशी फोटोग्राफरसाठी

गणपती जवळ आले, बोनस हातात पडला की फोटो काढणाऱ्या मंडळींत एकच विषय निघतो: "आता फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घेऊ का?" सेन्सर ही कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप. विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा क्रॉप, म्हणजे त्याहून लहान, सेन्सरचा चांगला चालता कॅमेरा असतो, त्यावर कॅमेऱ्यासोबतच मिळालेली १८-५५ ची किट लेन्स असते आणि मनात दोन-तीन तक्रारी साचलेल्या असतात. दशावताराचे फोटो हलतात, नाहीतर दाणेदार येतात. सूर्यास्ताला आकाश पांढरं पडतं. धनेश ठिपक्याएवढा दिसतो. या तक्रारी अगदी खऱ्या आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांवर फुल-फ्रेम हा इलाज नाही. आपल्या किनाऱ्यावर तर पैसा आधी तीन ठिकाणी जायला हवा: मोठ्या अॅपर्चरची (उजेड आत घेणारं भोक मोठं असलेली) एक लेन्स, एक दणकट ट्रायपॉड आणि पावसाळ्यात सामान ठेवायला एक कोरडा, हवाबंद डबा. हे तिन्ही जमलं आणि तरीही काही अडलं, तर मग सेन्सरचा विचार करावा.

सेन्सर किती मोठा, हे न मोजताच भुलणं

फुल-फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरचा सेन्सर, जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा. निकॉन, सोनी, फुजीचा एपीएस-सी (म्हणजे क्रॉप) सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा असतो, कॅननचा त्याहून किंचित लहान. म्हणजे क्षेत्रफळ सव्वादोन ते अडीच पट. फोटोग्राफीच्या हिशेबात हा फरक एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) थोडा जास्त भरतो. तितकाच. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ३२०० ला क्रॉप कॅमेऱ्यात जेवढा नॉइज (दाणे) दिसतो, साधारण तेवढा फुल-फ्रेमवर ६४०० च्या पुढे दिसू लागतो. पाठची धूसरताही साधारण एका स्टॉपने वाढते. हा फायदा खोटा नाही, पण त्यासाठी बॉडीच लाखाच्या घरात जाते आणि लेन्सचा खर्च वेगळा.

२००२ साली कॅननचा ११ मेगापिक्सेलचा वनडीएस आला, तेव्हा फुल-फ्रेम ही श्रीमंत व्यावसायिकांची वस्तू होती. २००५ च्या फाइव्हडीने ती हौशी माणसाच्या आवाक्यात आणली. त्या काळच्या क्रॉप सेन्सरशी तुलना केली तर ओढ समजण्यासारखी होती. आजचा साधा २४ मेगापिक्सेलचा क्रॉप कॅमेरा मात्र अंधारात त्या पहिल्या फाइव्हडीला सहज तोंड देतो. वीस वर्षांपूर्वीचा सल्ला आजही जसाच्या तसा फिरतो आहे, ही खरी अडचण.

दशावतारात कॅमेऱ्याला दोष देणं

हा भाग नीट वाचा, कारण सिंधुदुर्गातले सगळ्यात जास्त कॅमेरे इथेच बदलले जातात.

देवळापुढचा मांड, मागे पडदा, मध्ये एक बाकडं, बाजूला पेटी आणि पखवाज. रात्र चढलेली. संकासुर हा राक्षस येतो आणि उजेड असतो तो वरून टांगलेल्या दोन-चार एलईडी दिव्यांचा. तुम्ही मागे बसून किट लेन्स ५५ पर्यंत ताणता. तिथे लेन्सचं अॅपर्चर एफ/५.६ वर येतं (एफचा आकडा मोठा, तितकं भोक लहान). आयएसओ ६४०० करूनही शटर १/३० सेकंदाहून वेगवान होत नाही. संकासुर गिरकी घेतो आणि फोटोत फक्त रंगाचा फराटा उरतो. माणूस घरी येऊन म्हणतो, सेन्सर लहान पडला.

आता हिशेब करा. त्याच जागी ५० मिलिमीटर एफ/१.८ ची लेन्स असती, तर एफ/५.६ च्या मानाने जवळपास दहा पट उजेड आत आला असता. आयएसओ तोच, आणि शटर १/३० ऐवजी १/३०० च्या आसपास. फुल-फ्रेमने दिला असता तो सव्वादोन पट फायदा. दहा पट आणि सव्वादोन पट! शिवाय ५० एफ/१.८ ही बहुतेक कंपन्यांच्या यादीतली सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी एक असते. फुल-फ्रेमसोबत मिळणारी २४-१०५ एफ/४ लावून तोच संकासुर टिपला, तर हातातला जुना क्रॉप कॅमेरा आणि एफ/१.८ ही जोडी अजूनही पुढेच राहते.

एफ/१.८ ला फोकसची पट्टी अरुंद होते, हे खरं. नटाच्या डोळ्यावर एकच फोकस पॉइंट ठेवा, चेहऱ्याची रंगपट्टी आणि मुकुट हलका नरम आला तरी चालतो. झूम नसल्याने उठून जागा बदलावी लागते, तेव्हा खेळ सुरू होण्याआधीच मांडाच्या कडेला बसा. पुढच्या रांगेत आजी-आजोबा असतात, त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहू नका. फ्लॅश तर नकोच. त्याने रंगपट्टीतली सगळी खोली मारली जाते आणि नटाचं भान तुटतं.

दोन तक्रारी वेगळ्या ओळखायला हव्यात. फोटोभर काळे-उजळ आडवे पट्टे आले, तर तो सेन्सरचा दोष नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर ते पकडलं जातं. मेकॅनिकल शटर लावा, कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर तो चालू करा, नाहीतर १/१०० वर उतरा. दुसरी तक्रार चेहरे जळून पांढरे होण्याची. मागचा काळोख बघून कॅमेरा एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, वाढवतो. मॅन्युअलवर जा किंवा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एक स्टॉप उणे करा.

मेगापिक्सेलची भूक

हा मुद्दा लवकर संपतो. ४के टीव्हीवर पूर्ण पडदाभर दिसायला ८.३ मेगापिक्सेल लागतात. १२ × १८ इंचांचं प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढायला साडेएकोणीस. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप कॅमेरा हे दोन्ही करून वर उरतो. आणि आपले बहुतेक फोटो तर मोबाइलवरच पाहिले जातात.

उजेडाची वेळ चुकवून सेन्सरकडून भरपाई मागणं

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं पाहायला लोक जेवून-खाऊन दुपारी बाराला पोचतात. जांभ्यात कोरलेल्या त्या रेघा उथळ आहेत. डोक्यावरच्या उन्हात त्यांना सावलीच नसते, त्यामुळे कशेळीचा तो प्रचंड हत्तीसुद्धा फोटोत सपाट तांबूस डागासारखा येतो. त्यावर कुठलाही महागडा कॅमेरा काही करू शकत नाही. सकाळी सूर्य वर आल्यावर पहिला तास किंवा संध्याकाळचा शेवटचा तास धरा. तिरकं ऊन रेघेच्या एका काठावर सावली टाकतं आणि अख्खी आकृती उठून येते. रेघा ठळक दिसाव्यात म्हणून खडू फिरवणं किंवा शिल्पावर चढून उभं राहणं, हे कृपा करून करू नका. ती शिल्पं फोटोसाठी कोरलेली नाहीत आणि एकदा झिजली की परत येणार नाहीत.

सूर्यास्ताचंही असंच. हर्णैच्या बंदरात संध्याकाळी मासळी उतरत असते, मागे सुवर्णदुर्ग, आणि सूर्य थेट समोर. आकाश आणि सावलीतली माणसं यांच्या उजेडात इतकं अंतर असतं की फुल-फ्रेमचा एक जास्तीचा स्टॉपही पुरत नाही. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. एक्स्पोजर आकाशासाठी धरा, म्हणजे पांढरं जळलेलं काही राहणार नाही, आणि सावल्या घरी उचला. जळलेलं आकाश परत मिळत नाही, पण काळोखातून माणसं बरीचशी परत मिळतात. नाहीतर सूर्याकडे पाठ करा! मासळीच्या टोपल्यांवर, कोळणींच्या चेहऱ्यांवर पडणारा तो सोनेरी उजेड समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्यांना कधी दिसतच नाही. फोटो घेण्याआधी मात्र विचारा. लिलावाच्या घाईत असलेल्या बाईच्या तोंडासमोर लेन्स रोखणं बरं नव्हे.

पक्ष्यांसाठी फुल-फ्रेम

इथे तर फुल-फ्रेम उलट नडतो. ३०० ची लेन्स क्रॉप कॅमेऱ्यावर ४५० सारखं दृश्य दाखवते. माडाच्या शेंड्यावरचा समुद्री गरुड किंवा वडाची फळं खाणारा धनेश तेवढा मोठा भरतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमवर तेवढंच दृश्य कापून घेतलं तर हातात जेमतेम दहा मेगापिक्सेल उरतात. ते टाळायला ४५ मेगापिक्सेलची बॉडी किंवा ६०० ची लेन्स, म्हणजे वाळूत आणि घाटात वाहून न्यायचं दोन-तीन किलोचं ओझं. पक्षी हलून येत असेल तर शटर बघा: बसलेल्याला १/५००, उडणाऱ्याला १/२००० च्या पुढे. वेळासला कासवाची पिल्लं टिपताना लांब लेन्स वापरा आणि फ्लॅश पूर्ण बंद ठेवा, एवढं पाळलं की पुरे.

महाग म्हणजे पाण्याला टिकणारा, असं धरून चालणं

फुल-फ्रेम असणं आणि हवामानाला टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओएम सिस्टीमचा ओएम-१ हा फुल-फ्रेमच्या चौथाई क्षेत्रफळाच्या सेन्सरचा, पण त्याला धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षणाचं आयपी५३ मानांकन आहे. फुजीचा एक्स-टी५ आणि पेंटॅक्सचे के-३ हे एपीएस-सी असूनही चांगले सील केलेले आहेत. स्वस्तातल्या फुल-फ्रेम बॉडीत मात्र नेमकी सीलिंगवरच काटकसर झालेली असू शकते. आणि सील असला तरी लेन्सही सीलची हवी, नाहीतर लेन्स बसते त्या माउंटच्या फटीतून पाणी आत जातंच.

पण कोकणात कॅमेरा पावसाच्या सरीने फारसा मरत नाही. तो मरतो मिठाने आणि बुरशीने.

देवबाग किंवा गुहागरच्या वाऱ्यात तासभर उभं राहा आणि चष्म्याची काच बघा, चिकट थर दिसेल. तोच थर लेन्सवर आणि बटणांच्या फटींत बसलेला असतो. घरी आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवा. वाळू असताना काच पुसलीत तर चरे कायमचे. मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी पुसा, लगेच कोरड्या फडक्याने. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका, एकच लावून जा. खारं पाणी थेट आत गेलं असेल तर बॅटरी काढा आणि "चालतोय का बघू" म्हणून सुरू करू नका, आतलं सर्किट तिथेच जातं.

बुरशीची गोष्ट वेगळी, ती गुपचूप येते. मे महिन्यात कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ठेवला जातो आणि थेट गणपतीला बाहेर निघतो. मधल्या तीन महिन्यांत घरातली आर्द्रता कमी होण्याचं नावच नाही. लेन्समधून मोबाइलची टॉर्च पलीकडे पाडून तिरकं बघा. काचेच्या कडेपासून आत शिरलेले पांढुरके, कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले, तर ती बुरशी. सुरुवातीला फोटोत काहीच जाणवत नाही. पुढे सूर्यासमोर फोटो धुरकट येऊ लागतात, आणि शेवटी काचेवरचा लेपच खाल्ला जातो. मग साफ केली तरी डाग राहतो. कितीतरी जण हा धुरकटपणा जुन्या सेन्सरच्या माथी मारून नवा कॅमेरा घेतात आणि ती लेन्स मात्र तीच वापरत राहतात.

उपाय स्वस्त आहे. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर आणि ओल शोषणारं सिलिका जेल. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा, तीसच्या खाली फार दिवस नको, लेन्समधलं वंगण सुकतं. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ओलं झालेलं कळतं, आणि मंद आचेवर तापवून ते पुन्हा वापरता येतं. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवू नका, तांदळाची बारीक पूड लेन्सच्या सांध्यात शिरते. चामड्याच्या कव्हरातही नको, ते ओल धरून ठेवतं. शक्य तर वीजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या. एका फुल-फ्रेम बॉडीच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही. आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा, पाऊस थांबला की ओटीवरून चार फोटो काढा, तेवढंही पुरतं.

एसी गाडीतून उतरल्याबरोबर लेन्सवर धुकं बसतं, त्यावर साधा इलाज: उतरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, बाहेर अर्धा तास तसाच राहू द्या, मग काढा. धुकं पिशवीवर बसतं, काचेवर नाही.

आकाशातले काळे ठिपके आणि हललेली लाट

निळ्या आकाशात दरवेळी त्याच जागी करडे ठिपके दिसले, तर ती सेन्सरवरची धूळ आहे. एफ/१६ ला साध्या आकाशाचा फोटो काढून खात्री करा, कॅमेरा पालथा धरून ब्लोअर मारा. तोंडाने फुंकू नका. नाही गेले तर जाणकाराकडे द्या. सगळं तीक्ष्ण यावं म्हणून एफ/२२ ला जाऊ नका. क्रॉप कॅमेऱ्यावर एफ/८ ते एफ/११ पुरेसं असतं, त्यापुढे विवर्तनाने (बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्याने) उलट नरमपणा येतो. लाटेचा दुधाळ फोटो हलतो, कारण ओल्या वाळूत लाट परतताना ट्रायपॉडचे पाय खचतात. पाय आधीच दाबून खोल बसवा, मधला दांडा वर काढू नका, आणि घरी आल्यावर सांधे गोड्या पाण्याने धुवा.

मग फुल-फ्रेम कोणी घ्यावा

एफ/१.८ किंवा एफ/१.४ लावूनही दशावतारात आयएसओ १२८०० च्या खाली उतरता येत नसेल. अमावास्येच्या रात्री निर्जन किनाऱ्यावरून आकाशगंगा टिपायची आवड लागली असेल. लग्नांची कामं पैसे घेऊन करत असाल. भिंतभर प्रिंट लावणारा कोणी गिऱ्हाईक असेल. तर जरूर घ्या, तिथे तो एक स्टॉप मोलाचा आहे.

घेताना लेन्स आधी मोजा. कॅननची ईएफ-एस लेन्स त्यांच्या ईएफ फुल-फ्रेम बॉडीवर बसतच नाही. निकॉनची डीएक्स बसते, पण कॅमेरा चौकट कापून क्रॉपच करतो, म्हणजे घेतलेला मोठा सेन्सर वाया. सेकंडहँड घेत असाल तर शटर काउंट (आतापर्यंत किती वेळा शटर चाललं) विचारा, लेन्समधून टॉर्च पाडा, हॉट शूचा (वरच्या फ्लॅश लावायच्या खाचेचा) धातू आणि बॅटरीच्या कप्प्यातले संपर्क बघा. हिरवट किंवा पांढरा थर दिसला, स्क्रूंच्या डोक्यांवर गंज दिसला, तर तो कॅमेरा समुद्राजवळ निगेविना राहिलेला आहे. कितीही स्वस्त असला तरी तो परत करा.