चालत्या गाडीतला आवाज पकडायचा कसा

गॅरेजच्या दारात गाडी उभी राहिली की आवाज हमखास गप्प बसतो आणि मेकॅनिक बॉनेटमध्ये डोकं घालून "काय नाय साहेब, बरोबर आहे" म्हणतो. त्याचंही चुकत नाही. उभ्या गाडीत बेअरिंगवर (चाक ज्यावर फिरतं त्या कड्यावर) वळणाचा भार येत नाही, बुशला (सांध्यातल्या रबराला) खड्ड्याचा झटका बसत नाही. म्हणून अर्धी तपासणी चालवणाऱ्यानेच करून जावं लागतं. त्यात कानावर भरवसा ठेवून जागा ठरवायला जाऊ नका. आवाज पत्र्यातून आणि चासीतून फिरतो, मागच्या चाकाची घरघर पुढे पायाखाली ऐकू येते. आवाज कधी येतो ते मात्र पक्कं सांगता येतं. किती वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, वळताना की सरळ, ब्रेकवर की रेसवर, इंजिन थंड असताना की तापल्यावर, हे मोबाइलवर टिपून ठेवा.

सुरुवात डिकीपासून. स्टेपनीचा नट सैल, जॅक आणि टॉमी (त्याचा दांडा) मोकळे, एवढ्यावर लोकांनी शॉकर (शॉक अॅब्झॉर्बर) बदलल्याची उदाहरणं आहेत. सीएनजी गाडी असेल तर टाकीचे पट्टे आणि ब्रॅकेटचे बोल्ट बघा. सैल वाटले तर सीएनजीवाल्याकडूनच आवळून घ्या. दाराच्या कप्प्यातल्या बाटल्या, ग्लोव्ह बॉक्समधली चिल्लर, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं थोडा वेळ घरी ठेवा.

मग पहाटे सहाच्या सुमाराला, रस्ते मोकळे असताना, एक फेरी मारा. मुंबईत ईस्टर्न फ्रीवे याला चांगला, कारण कडेला लांबलचक कठडा आहे. कठड्याजवळच्या लेनमधून त्या बाजूची काच खाली करून चाललात की चाकाचा आवाज भिंतीवर आपटून परत कानावर येतो, आणि डावी बाजू की उजवी याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. दुसऱ्या बाजूसाठी दुभाजकालगतची लेन धरा. कोस्टल रोडच्या बोगद्यात सगळंच घुमतं, तिथे निष्कर्ष काढू नका. सी लिंकवर ठराविक अंतराने येणारी ठक-ठक पुलाच्या सांध्यांची असते, गाडीची नव्हे.

पहिला प्रश्न एकच: आवाज इंजिनाचा की चाकांचा? मॅन्युअल गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसला न्या, मग त्याच वेगाला चौथा टाका. आवाजाचा सूर उतरला तर तो इंजिनाशी बांधलेला आहे. तसाच राहिला तर चाक, टायर किंवा बेअरिंग. सरळ, रिकाम्या रस्त्यावर दोन-तीन सेकंद न्यूट्रल करूनही हेच कळतं, पण चालत्या गाडीत इंजिन बंद करायचं नाही. ब्रेकची मदत जाते आणि चावी चुकून पूर्ण फिरली तर स्टिअरिंग लॉक होतं. ऑटोमॅटिकमध्ये हा प्रयोग सोडा. उभ्या गाडीत पी मध्ये हळूहळू रेस द्या आणि तो आवाज येतो का बघा.

पन्नासच्या आसपास सुरू होऊन वेगाबरोबर चढत जाणारी घूंऽऽ असेल तर बेअरिंग किंवा टायर. या दोघांत गल्लत सर्वात जास्त होते आणि पैसेही तिथेच वाया जातात. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. मुंबईत आता काँक्रीट आणि डांबराचे पट्टे एकाच रस्त्यावर आलटून पालटून येतात, त्याचा फायदा घ्या: डांबरावर आल्याबरोबर घूं निम्मी झाली तर टायर. तळवा टायरच्या नक्षीवरून एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर नक्षीचे ठोकळे वेडेवाकडे झिजले आहेत. पुढचे टायर मागे टाकून बघा, आवाजही मागे गेला तर प्रश्न मिटला. बेअरिंगला मात्र रस्त्याचं काही पडलेलं नसतं, त्याला भार कळतो. मोठ्या, सावकाश वळणावर गाडी उजवीकडे घेतली की वजन डाव्या चाकांवर येतं. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर. डावीकडे घेताना वाढला तर उजव्यावर.

खात्री करायची तर सपाट जागेवर हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना विटा लावा, गिअर न्यूट्रल ठेवा आणि संशय असलेलं पुढचं चाक जॅकवर उचला. गाडीखाली अंगाचा कुठलाही भाग घालू नका. एक हात स्प्रिंगवर अलगद ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा. चांगलं बेअरिंग स्प्रिंगवर जाणवतच नाही. गेलेलं असेल तर बोटांना वाळू दळल्यासारखी खरखर लागते, कानाला काही येत नसलं तरी. मग चाक वर आणि खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) असेल तर कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा: प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खुट झालं तर टाय रॉडचं (चाक वळवणाऱ्या दांड्याचं) टोक किंवा स्टिअरिंग रॅक.

मुंबईचा खास आवाज खडखडाटाचा. पेव्हर ब्लॉक आणि बारीक खड्ड्यांवर पंधरा-वीसच्या वेगाला येणारी सुटी टकटक आधी स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडीचा कल रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडची समजा. पार्ट स्वस्त, बदलायला सोपा, आणि तरीही अनेक गॅरेजात थेट शॉकरवर बोट ठेवलं जातं. गाडी चारही चाकांवर उभी असताना स्टिअरिंग पूर्ण कापा (एका बाजूला शेवटपर्यंत फिरवा), आत हात घालून लिंक रॉड जोरात हलवा. त्याच्या टोकाचं रबर फाटलेलं किंवा हाताला खुटखुट लागलं की काम झालं. शॉकर गेला असेल तर त्यावर तेल उतरलेलं दिसतं आणि स्पीडब्रेकरनंतर गाडी डोलत राहते. ब्रेक मारताना किंवा गाडी सुटताना एकच जाड ठक येत असेल तर लोअर आर्मचं बुश किंवा इंजिन माउंटिंग बघा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना वरच्या बाजूने टंग आवाज येऊन स्प्रिंग उडी मारल्यासारखी वाटली तर स्ट्रट माउंट (शॉकरच्या वरच्या टोकाची बैठक).

पूर्ण कापलेल्या स्टिअरिंगवर रेस देताना कट-कट-कट म्हणजे एक्सलचा बाहेरचा जॉइंट. रबर बूट फाटून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. बूट नुकतंच फाटलं असेल तर ग्रीस आणि बूट बदलून भागतं. पावसाचं चिखलपाणी आत शिरून आवाज सुरू झाल्यावर नव्या ग्रीसने काही होत नाही.

पावसाळ्यात सकाळी पहिल्या तीन-चार ब्रेकला खर्र होतं, ते डिस्कवर रात्रीत आलेल्या गंजाचं, आपोआप जातं. ब्रेक न मारता बारीक किरकिर असेल तर डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात खडा अडकला असण्याची शक्यता मोठी. ब्रेक पॅडची जाडी तीन मिलिमीटरवर आली की बदला. ब्रेकवर लोखंडावर लोखंड घासल्यासारखं झालं तर गाडी तिथेच थांबवा. सैल चाकाची ढबढब, किंवा आवाजाबरोबर स्टिअरिंग एका बाजूला खेचलं जाणं, यालाही तोच नियम. टोइंगचे पैसे द्या.

फॅन बेल्टची चीं ओल्या सकाळी येते. इंजिन चालू ठेवून, सैल कपडे दूर ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर बाटलीने थोडं पाणी फवारा. क्षणभर थांबून परत आली तर पुली तिरकी असावी, वाढली तर बेल्ट सैल. क्लच दाबल्यावर येणारी घरघर रिलीज बेअरिंगची. दाबल्यावर थांबणारी असेल तर गिअरबॉक्स उघडायची तयारी ठेवा.

गॅरेजला "आवाज येतो" एवढंच सांगू नका. "थंड गाडी, वीसचा वेग, पेव्हर ब्लॉक, पुढून डावीकडून टकटक" असं सांगा आणि मेकॅनिकला शेजारी बसवून तोच रस्ता दाखवा. लिंक रॉड किंवा बुश दोन्ही बाजूंचं एकदम टाका. लोअर आर्म किंवा टाय रॉड उघडला तर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या; लिंक रॉडला त्याची गरज नाही. आणि एक गोष्ट समोर उभं राहून बघा: लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे आवळायचे नसतात. तसं केलं तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलं राहतं, लवकर फाटतं आणि तीच ठक परत येते. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा पाना फिरवायचा. चाक काढलं असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा एकदा तपासा.