मराठी साइटवरचा सर्च सुधारायला घेताना

वेब डेव्हलपमेंटमध्ये नवीन असताना ‘साइटवरचा सर्च जरा नीट कर’ असं काम कधी ना कधी वाट्याला येतं. बहुतेक जण आधी शोधपेटीचा रंग, आकार, आयकॉन यांना हात घालतात. तिथून सुरुवात करू नका. आधी लॉग, म्हणजे साइटवर झालेल्या शोधांची नोंद, काढा: लोकांनी काय टाइप केलं, किती निकाल आले, कितव्या निकालावर क्लिक झालं. त्यातून दोन याद्या करा, सर्वाधिक शोधल्या जाणाऱ्या शब्दांची आणि शून्य निकाल आलेल्या शब्दांची. दुसरी जास्त मोलाची. त्यात असे शब्द हमखास निघतात जे मजकुरात डोळ्यांना दिसत असतात, पण सर्चला सापडत नाहीत.

‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. एका कीबोर्डवरून त्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं. दुसऱ्या कीबोर्डवरून र, हलन्त आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह येतं. पडद्यावर दोन्ही सारखेच, डेटाबेसच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणणारी पद्धत) र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) जोडून ऱ करतं, पण जॉइनरचा गुंता त्याने सुटत नाही. त्यासाठी आपला नियम लिहावा लागतो: र, हलन्त, जॉइनर अशी साखळी दिसली की तिथे ऱ आणि हलन्त ठेवा, आणि त्यानंतरच उरलेले जॉइनर व नॉन-जॉइनर (अक्षरं जोडू न देणारं, तसंच न दिसणारं चिन्ह) काढा. क्रम उलटा झाला तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि डोंगरदऱ्या शोधणाऱ्याला समुद्र मिळतो. याच टप्प्यावर इंग्रजी (1, 2, 3) आणि देवनागरी (१, २, ३) अंक एकरूप करा, ‘सम्पादक’ आणि ‘संपादक’ एका रूपात आणा. हे सगळं एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि इंडेक्स (शोधासाठी बांधलेली शब्दांची सूची) करताना व शोधताना तेच वापरा. नियम बदलला की पूर्ण इंडेक्स पुन्हा बांधायचा. हे विसरलं की अर्धे निकाल गायब होतात आणि कारण सापडत नाही.

पुढची अडचण शब्द तोडण्याची. युनिकोडमध्ये काना, मात्रा, उकार, हलन्त हे ‘लेटर’ वर्गात नसून ‘मार्क’ वर्गात येतात. फक्त लेटर म्हणजे शब्द असं मानणारा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) ‘पुस्तक’चे प, स आणि तक असे तीन तुकडे करतो. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एफटीएस-५ या सर्च-सुविधेतल्या युनिकोड-६१ टोकनायझरच्या मूळ सेटिंगमध्ये हे मार्क वर्ग धरलेले नसतात, ते ‘कॅटेगरीज’मध्ये वेगळे द्यावे लागतात. जावास्क्रिप्ट आणि पायथनमधल्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या ‘शब्दाच्या अक्षरा’लाही (\w) मात्रा कळत नाहीत. काहीही बसवण्याआधी टोकनायझर नेमके कोणते तुकडे पाडतो ते छापून बघाच.

मग येतात विभक्तिप्रत्यय. ‘रस्ता’ शोधणाऱ्याला ‘रस्त्यावर’ असलेला लेखही हवा असतो. हिंदीचा तयार स्टेमर (शब्दाचे प्रत्यय छाटणारं साधन) इथे लावू नका, तो हिंदीचे प्रत्यय छाटतो. ला, ना, ने, चा-ची-चे, त, वर, साठी, मध्ये, पासून, हून अशी स्वतःची यादी करा आणि लांब प्रत्यय आधी तपासा. प्रत्यय गेल्यावर ‘रस्त्या’ उरतो, म्हणून सामान्यरूप मूळ शब्दाकडे नेणारा नियमही लागतो. छाटल्यावर किमान दोन अक्षरं उरली पाहिजेत, नाहीतर ‘कला’चा ‘क’ आणि ‘हात’चा ‘हा’ होतो. तरीही ‘पर्वत’चा ‘पर्व’ होणारच. त्यामुळे मूळ रूप इंडेक्सच्या एका फील्डमध्ये (कप्प्यात) आणि छाटलेलं दुसऱ्या फील्डमध्ये ठेवा, आणि निकालांचा क्रम लावताना मूळ रूपाला जास्त वजन द्या. शीर्षकातल्या जुळणीला मजकुरातल्यापेक्षा अधिक.

चुकीच्या स्पेलिंगसाठी फझी सर्च (एखाद-दुसऱ्या अक्षराने वेगळा शब्दही जुळवणारा शोध) चालू करण्याचा मोह आवरा. इलास्टिकसर्च या सर्च इंजिनमध्ये फझीनेस ‘ऑटो’वर ठेवला तर तीन ते पाच कोडपॉइंटच्या (व्यंजन, मात्रा असं प्रत्येक चिन्ह वेगळं मोजून) शब्दात एक बदल चालतो. ‘पाणी’ चार कोडपॉइंटचा आहे. वाणी, राणी, नाणी सगळे त्यात बसतात. मराठीतल्या बऱ्याच चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या असतात. तेवढ्यापुरतं ि-ी आणि ु-ू एकच धरणारं तिसरं फील्ड कमी वजनाने ठेवलं की बहुतेक काम भागतं. फझी फक्त शून्य निकाल आले तरच.

फॉर्मचं काम तुलनेने छोटं. मेथड गेट ठेवा, म्हणजे शोध यूआरएलमध्ये येतो, लिंक पाठवता येते आणि बॅक बटण बिघडत नाही. पेटीला खरं लेबल द्या. प्लेसहोल्डर टाइप करताच नाहीसा होतो. फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असला तर आयफोनवर पेटीला स्पर्श करताच पान झूम होतं. सूचना दाखवत असाल तर २०० ते ३०० मिलिसेकंद थांबून विनंती पाठवा, आणि जुनी विनंती रद्द करा, नाहीतर उशिरा आलेलं जुनं उत्तर नव्यावर बसतं. कीबोर्ड शब्द जुळवत असताना दाबलेल्या एंटरने फॉर्म जाता कामा नये; त्यासाठी कंपोझिशनची स्थिती तपासा.

निकालाच्या पानावर शोधलेला शब्द पेटीत तसाच राहू द्या. तो पानावर छापताना एस्केप करा, म्हणजे त्यातली एचटीएमएलची चिन्हं निव्वळ मजकूर म्हणून दाखवा, नाहीतर कोणीही शोधपेटीतून स्क्रिप्ट घुसवू शकतो. निकालाखाली दाखवायचा लेखातला उतारा ठरावीक लांबीवर कापू नका. मधेच तुटलेल्या जोडाक्षरामुळे शेवटी लोंबता हलन्त दिसतो. शब्दाच्या सीमेवर कापा आणि हायलाइटही पूर्ण शब्दाला द्या, कारण व्यंजन आणि मात्रा यांच्यामध्ये टॅग आला की ठिपक्यांचं वर्तुळ उमटू शकतं. फिल्टर बदलला की पान पहिल्यावर आणा. शून्य निकाल असतील तर कोणते फिल्टर लागलेले आहेत ते दाखवा आणि प्रत्येकाशेजारी काढण्याची सोय द्या. न सांगता शब्द गाळून भलतेच निकाल दाखवणं ही वाचणाऱ्याची फसवणूक आहे.

बदल करण्याआधी लॉगमधून चाळीसेक शोध निवडा आणि प्रत्येकासमोर अपेक्षित लेख लिहून ठेवा. तो पहिला आला तर १, दुसरा आला तर ०.५, तिसरा आला तर ०.३३, आलाच नाही तर ०. या सगळ्यांची सरासरी काढा. एका वेळी एकच वजन किंवा एकच नियम बदला आणि सरासरी पुन्हा काढा. ती वाढूनही एखादा वारंवार येणारा शोध खाली घसरला असेल, तर बदल थांबवून आधी तो शोध बघा.