मेटाक्लासमध्ये ‘सुपर’ टाळल्याची किंमत

पायथॉनमध्ये क्लास हासुद्धा ऑब्जेक्टच असतो आणि तो घडवणारा मेटाक्लास सहसा ‘टाइप’ असतो, एवढे आपल्याला ठाऊक आहे असे गृहीत धरतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अहवाल निर्यात करणारे चौदा क्लास माझ्याकडे आले. नवा क्लास लिहिला की त्याचे नाव एका डिक्शनरीत हाताने टाकावे लागे आणि कोणी ना कोणी ते विसरत असे. मेटाक्लास लिहून ही नोंद मी आपोआप होईल अशी केली, तेव्हा आकाश ठेंगणे झाले होते.

या चौदांचा मूळ क्लास पुढे ‘एबीसी’पासून (ठरावीक मेथड उपक्लासने लिहिल्या नाहीत तर ऑब्जेक्ट होऊ न देणाऱ्या तयार क्लासपासून) घ्यावा लागला आणि मेटाक्लास कॉन्फ्लिक्टचा टाइपएरर आला. उपक्लासचा मेटाक्लास हा त्याच्या सर्व मूळ क्लासांच्या मेटाक्लासांपासून निघालेला, किंवा तोच, असावा लागतो. म्हणून माझा मेटाक्लास मी ‘टाइप’ऐवजी ‘एबीसीमेटा’पासून, म्हणजे ‘एबीसी’च्या मेटाक्लासपासून, घेतला. एरर गेला आणि मी फसलो तो इथेच. क्लास घडवणाऱ्या ‘न्यू’ मेथडमध्ये कुठूनतरी उचललेली जुनी ओळ तशीच राहिली होती, जी ‘सुपर’मार्फत, म्हणजे वारसाक्रमातल्या पुढच्या क्लासकडे, न जाता थेट ‘टाइप’च्या ‘न्यू’ला हाक मारत होती. उपक्लासमध्ये लिहायच्या राहिलेल्या सक्तीच्या, म्हणजे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मेथडची यादी ‘एबीसीमेटा’चे ‘न्यू’ तयार करते, आणि तेच वगळले गेले. परिणामी निर्यातीची मेथडच नसलेल्या क्लासचा ऑब्जेक्ट बिनबोभाट तयार झाला, मूळ क्लासमधली रिकामी मेथड चालली आणि महिनाअखेरीस ग्राहकाला कोरी फाइल गेली. कारण सापडायला दोन दिवस लागले. मेटाक्लासमध्ये ‘सुपर’ला बगल देऊ नका, मग तसे करायला सांगणारा कितीही ज्येष्ठ असो. कोडचा तयार तुकडा हातात ठेवणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा ‘ही ओळ का लिहिलीस?’ असे विचारणारा मला केव्हाही बरा वाटतो.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. पायथॉन 3.6 पासून, म्हणजे 2016 पासून, ‘इनिट सबक्लास’ ही मेथड उपलब्ध आहे. ती मूळ क्लासमध्ये लिहिली की प्रत्येक उपक्लास घडताना चालते, खुद्द मूळ क्लाससाठी चालत नाही, त्यामुळे तो चुकून नोंदवला जात नाही. माझा सगळा मेटाक्लास अशा चार ओळींत मावला. ‘एनम’सारखा (ठरावीक मूल्यांना नावे देणारा क्लास) ऑब्जेक्टवर नव्हे, थेट क्लासवरच लूप फिरवायचा असेल, तर मेटाक्लास हवाच; नुसत्या नोंदणीसाठी तो लिहिणे ही हौस आहे, आणि ती मीही केली आहे.

तरीही लिहिणारच असाल, तर आधी एक टेस्ट लिहा: मुद्दाम अपुरा ठेवलेला उपक्लास घ्या, त्याचा ऑब्जेक्ट करून पाहा आणि टाइपएरर आला नाही तर टेस्ट नापास करा.