मनीप्लांटची पानं मोठी हवी असतील तर वेल वर चढवा

पानं लहान राहिली की सल्ले सुरू होतात: खत वाढवा, रोज पाणी फवारा, पानांना तेल चोळा. यातलं काहीही करू नका. मनीप्लांट, मॉन्स्टेरा, वेलासारखे वाढणारे फिलोडेंड्रॉन ही सगळी मंडळी रानात झाडाच्या खोडाला धरून वर जातात. आधार सापडला की प्रत्येक नवं पान आधीच्याहून मोठं येतं. लोंबत ठेवली तर पेरांमधलं अंतर वाढतं आणि पान आखूडतं. उष्ण प्रदेशात मोठ्या झाडावर चढलेल्या मनीप्लांटचं पान हातभर होतं, कडेनं चिरतंही. घरात तेवढं होणार नाही, पण आताच्यापेक्षा मोठं होईल.

कुंडी तळाला भोक असलेलीच घ्या. माती भुसभुशीत हवी: कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा), पर्लाइट (पांढरे हलके खडे) किंवा जाड वाळू आणि थोडं कुजलेलं खत. कुंडी खिडकीजवळ, पण दुपारच्या थेट उन्हापासून दूर ठेवा. ‘कमी उजेडातही चालतं’ म्हणजे मरत नाही एवढंच, वाढ होत नाही.

आता आधाराची काठी. सगळं इथेच अडतं.

काथ्या गुंडाळलेल्या तयार काठ्या मी कुणालाच सुचवत नाही. काथ्यात पाणी टिकत नाही, तो लवकर कोरडा होतो. कोरड्या काठीत हवाई मुळं, म्हणजे पेरांवर हवेत फुटणारी मुळं, शिरत नाहीत, आणि मुळं शिरली नाहीत तर वेल नुसती बांधलेली राहते, चढत नाही. त्यापेक्षा प्लास्टिकच्या जाळीची नळी करून तिच्यात भिजवलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) भरा. दाबून भरा, पण ठासू नका. आत हवा राहिली पाहिजे. नळी कुंडी बदलतानाच, माती भरण्याआधी, तळापर्यंत उभी करा. भरलेल्या कुंडीत मागाहून खुपसली की मुळं तुटतात आणि वेलीच्या भारानं काठी कलते.

वेलीलाही पाठ-पोट असतं. पेरांवर बारीक फुगवटे किंवा तपकिरी मुळं दिसतात, ती बाजू मॉसकडे करा. उलटी बांधलेली वेल महिनोन् महिने तशीच राहते. मऊ चिंधीनं खोड पेराजवळ सैल बांधा. पानाचा देठ कधीही बांधू नका. उजेडाकडे वळण्यासाठी त्याला मोकळीक लागते. हवाई मुळं कुरूप दिसतात म्हणून कापणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, कापू नका. सगळी खटपट त्यांच्यासाठीच आहे.

यानंतर मॉस वाळू द्यायचं नाही. वरून हळूहळू पाणी सोडा, ते खालपर्यंत झिरपलं पाहिजे. फवाऱ्यानं फक्त बाहेरचा थर ओला होतो. मातीचं गणित मात्र वेगळं. बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच मातीला पाणी द्या. मॉसमधून झिरपलेलं पाणीही यात धरा, नाहीतर खालची मुळं कुजतात.

लांब लोंबलेली जुनी वेल चढवून फायदा नाही. तिची उघडलेली पानं आता वाढायची नाहीत. शेंड्याकडचे दोन-तीन पेरांचे तुकडे कापा, पाण्यात मुळं फुटू द्या, ती बोटाच्या एका पेराएवढी झाली की मातीत लावा आणि तेच काठीला धरा.

खत वाढीच्या दिवसांत, पाकिटावर लिहिलेल्याच्या निम्मं. पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसा.

वेल काठीच्या टोकाला पोचली की वरून दुसरी नळी जोडा. शेंडा खाली वळू दिलात तर पुढची पानं पुन्हा लहान येऊ लागतील. छाटलेले तुकडे लहान मुलं आणि मांजर-कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका. या वेलींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावल्यावर तोंडाची आग होते आणि सूज येते.