लॉ फर्मच्या रिसेप्शनला जाताय? आधी नावांची सोय करा

अमेरिकेतल्या लॉ स्कूलमध्ये समर असोसिएटच्या, म्हणजे फर्ममधल्या उन्हाळी नोकरीच्या, मुलाखती सुरू झाल्या की संध्याकाळची रिसेप्शन्सही, म्हणजे फर्मच्या वकिलांना भेटायचे कार्यक्रमही, सुरू होतात. गेल्या वर्षी एका फर्मच्या रिसेप्शनला मी दीड तास होते, सात-आठ जणांशी मनमोकळं बोलले. आठवड्याने कॉलबॅकला, म्हणजे मुलाखतीच्या दुसऱ्या फेरीला, विचारलं, ‘आमच्याकडचं कोण कोण भेटलं?’ मला एकही नाव आठवेना. विचारणाऱ्या बाई त्या दिवशी माझ्याशी दहा मिनिटं बोलल्या होत्या. त्यांचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून हे लिहितेय.

सूट, बूट, इस्त्री हे सांगायला नको. येतो म्हणून कळवलं असेल तर जा. जमणार नसेल तर आधी कळवा.

घरून जेवून निघा. तिथे ट्रे फिरत असतात, त्यात शाकाहारी काय हे विचारण्यात वेळ जातो, आणि तोंडात घास असताना नेमकं कोणीतरी हात पुढे करतं. ग्लास डाव्या हातात धरा, म्हणजे उजवा कोरडा राहतो. दारू घेतलीच पाहिजे असं मुळीच नाही. सोड्यात लिंबू पिळून घ्या, कोणी विचारत नाही. घेणाऱ्यांनी एकावर थांबावं.

नावाची पट्टी उजव्या बाजूला लावा, हात मिळवताना समोरच्याची नजर तिकडेच जाते. आपलं नाव मोडूनतोडून सोपं करू नका. सावकाश, एकदा नीट सांगा. आणि त्यांचं नाव ऐकलं की लगेच एकदा उच्चारा. नुसतं ऐकलेलं नाव लक्षात टिकत नाही, माझ्या तरी टिकलं नाही.

दोन प्रश्न तयार ठेवा, वेबसाइटवर उत्तर नसलेले. उदाहरणार्थ, नव्या असोसिएटला, म्हणजे फर्मच्या कनिष्ठ वकिलाला, काम कोण देतं? काही ठिकाणी त्यासाठी वेगळी व्यक्ती नेमलेली असते, काही ठिकाणी आपणच दारोदार विचारत फिरायचं असतं. ऑफिसागणिक दिवस बदलतो तो यामुळे. पगार विचारू नका. न्यूयॉर्कच्या बहुतेक मोठ्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाचे 2,25,000 डॉलर, हे सगळ्यांना ठाऊक आहे. व्हिसाची काळजी मला कळते. कायद्याच्या पदवीवर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, 12 महिन्यांचीच, पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. पण ते रिक्रूटिंगवाल्यांना नंतर विचारा, हातात ग्लास घेऊन नाही.

आपल्याच वर्गातल्या देशी मुलांच्या घोळक्यात उभं राहू नका! पार्टनर, म्हणजे फर्मच्या भागीदार वकिलाभोवती आठ जणांचं कडं असेल तर तिथे नववे होऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे असोसिएट एकटे उभे असतात, खरं बोलतात, आणि त्यांचं मतही विचारलं जातं.

आता नावं. दर दोन-तीन जणांनंतर बाहेर कॉरिडॉरमध्ये या आणि फोनवर लिहा: नाव, विभाग, काय बोललो. ‘अमुक, बँकरप्सी, मुलगी पोहायला शिकतेय’ एवढं पुरे. त्यांच्यासमोर लिहू नका. घरी जाऊन लिहीन असंही म्हणू नका. मी तेच म्हटलं होतं, आणि सबवे ट्रेनमध्ये बसेपर्यंत निम्मी नावं गेली होती.

निघताना रिक्रूटिंगवाल्यांचे आभार माना. 24 तासांत आभाराचे मेल, चार ओळींचे, नावाचं स्पेलिंग तपासून. प्रत्येकाला वेगळा, कारण ते आपसात दाखवतात. कॉलबॅकच्या आदल्या रात्री बाकी काही वाचायचं राहिलं तरी चालेल, फोनमधली ती नावं वाचा. मोठ्याने.