जलपर्णीचा कागद, चाळणीवर न फाटता

पवई तलावातून उपसलेल्या जलपर्णीचे ढीग काठावर पडलेले असतात. त्यातूनच देठ घ्या. पाण्यात उतरू नका, तिथे मगरी आहेत. हातमोजे घाला, नाहीतर खाज सुटते. मुळं आणि फुलं घरी आणू नका: मुळं सांडपाण्यातले जड धातू शोषतात आणि बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

पिशवीभर देठ पुरतात असं सांगणाऱ्यांनी हे काम केलेलंच नाही. जलपर्णी म्हणजे जवळपास ९५ टक्के पाणी. ५ किलो देठ वाळले की पाव किलो उरतात.

वाळलेले देठ बोटाच्या पेराएवढे कापा, १०० ग्रॅमला २० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून स्टीलच्या पातेल्यात तीन तास उकळा, नितळ पाणी येईपर्यंत धुवा. कॉस्टिक सोडा नको. देठांच्या निम्मी रद्दी भिजवून त्यात घाला आणि जुन्या मिक्सरमधून काढा, हा लगदा. फोटोफ्रेमवर फाटकी मच्छरदाणी ताणली की चाळणी झाली. लगदा टबातल्या पाण्यात कालवा, चाळणी बुडवून आडवी वर उचला; जाळीवर बसलेला थर म्हणजे ताव.

खरी गोची पुढे आहे: ओला ताव कापडावर उतरवणं. माझे सुरुवातीचे सगळे ताव इथेच फाटले. ‘चाळणी उपडी करून आपटा’ हा सल्ला नुसत्या रद्दीच्या लगद्याला चालतो. जलपर्णीचा लगदा बुळबुळीत, पाणी न सोडणारा.

चाळणी बादलीवर तिरकी धरा. धार थांबून थेंब मोजता येऊ लागले, तावावरची चकाकी गेली, की वेळ झाली. जुन्या सुती साडीचा तुकडा ओला करून पिळा, दुमडलेल्या चादरीवर पसरा. कापड कोरडं असेल तर ते ताव धरतच नाही. हे कळायला मला अख्खा हिवाळा लागला. चाळणी त्यावर पालथी घाला आणि जाळीवरून स्पंजने पाणी टिपा, पिळा, पुन्हा टिपा. मग एक कोपरा नखभर उचलून बघा. तंतू जाळीबरोबर वर येत असतील तर कोपरा खाली ठेवा, पुन्हा टिपा. ओढायचं नाही म्हणजे नाही. फाटलेल्या तावाला ठिगळ बसत नाही, तो परत टबात.

सावलीत वाळवा, उन्हात ताव आकसतो.

मी या तावांवर दुधाच्या पिशव्यांच्या बारीक पट्ट्यांनी मिठी नदी शिवते, विहार-पवईच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत. सुई जाड घ्या आणि भोकं आधीच पाडून ठेवा. उरलेला लगदा मोरीत ओतू नका; पिळून, गोळे करून वाळवा, पुढच्या खेपेला भिजवून वापरता येतो.