पालथं झोपता? मग उशी घेताना या चुका टाळा

सांगलीत आमचं गाद्या-उशांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. रोज एक तरी गिऱ्हाईक थप्पीतली सगळ्यात गुबगुबीत उशी उचलतं, दोन्ही हातांनी दाबतं, गालाला लावतं आणि म्हणतं, "हीच द्या." मी विचारतो, "झोपता कसे?" उत्तर येतं, "पालथा." मग मी ती उशी परत थप्पीवर ठेवतो. काही जण रागावतात, काही शेजारच्या दुकानात जाऊन तीच उशी घेतात आणि महिनाभराने मान धरून परत येतात. तेच ते किती वेळा सांगायचं, म्हणून इथे लिहितो.

उशी हाताने दाबून निवडणं

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. कुशीवर झोपणाऱ्याच्या कानापासून गादीपर्यंत खांद्याएवढी पोकळी असते, ती भरायला चार-पाच इंचांची उशी लागते. पाठीवर झोपणाऱ्याला मानेखालच्या बाकाला आधार लागतो. पालथ्या माणसाचा गाल आणि छाती जवळजवळ एकाच पातळीवर असतात. तिथे भरायला पोकळीच नाही. श्वास घ्यायचा म्हणून मान आधीच एका बाजूला पूर्ण वळलेली असते. खाली जाड उशी आली की ती वळलेली मान वर मागेही वाकते, आणि तशीच सहा-सात तास राहते. जागेपणी पाच मिनिटं मान तशी धरून बघा.

म्हणून पालथं झोपणाऱ्याची उशी डोकं टेकल्यावर फार तर दोन इंच उरली पाहिजे. बिनउशीचं जमत असेल तर फारच उत्तम. "टेकल्यावर" हा शब्द महत्त्वाचा. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, हाताच्या दाबावरून त्याचा अंदाज येत नाही. मी दुकानात पाच किलो आट्याची पिशवी ठेवली आहे. ती उशीच्या मधोमध ठेवतो, दहा मिनिटं थांबतो आणि शिवणकामाच्या टेपने उंची मोजतो. सहा इंच दिसणारी मऊ मायक्रोफायबरची उशी कधी कधी दोनवर येते, आणि चार इंचांची घट्ट लॅटेक्सची साडेतीनवरच अडून बसते. घरीसुद्धा हे सहज करता येतं.

आमच्या दाजींची गोष्ट सांगतो. तासगावकडे त्यांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की दिवसभर मांडवाखाली मान वर करून काम. रात्री दमून पडायचे ते पालथेच, लहानपणापासूनची सवय. मुलाने पुण्याहून प्रेमाने मेमरी फोमची मोठी उशी आणली, मानेच्या बाजूला उंचवटा असलेली. चौथ्या दिवशी सकाळी दाजींना डावीकडे बघताच येईना. हाक मारली की अख्खं अंग वळवायचे. घरच्यांनी बाम चोळला, गरम पाण्याची पिशवी झाली. मग कुणीतरी मान मोडून देणाऱ्या माणसाकडे नेलं. त्याने झटका दिला आणि दुखणं दुप्पट झालं. अवघडलेल्या मानेला झटका देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. शेवटी मिरजेत डॉक्टरांना दाखवलं, व्यायाम सुरू झाले. पण उशी तीच! कुणी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

दिवाळीत भाऊबीजेला गेलो तेव्हा म्हटलं, "दाजी, जरा झोपून दाखवा." ते पालथे झाले आणि मला बाजूने सगळं दिसलं. गाल उशीवर, मानेच्या मागे कातडीच्या तीन घड्या, छाती गादीपासून उचललेली. ताईकडे सावरीच्या कापसाची जुनी उशी होती. एका कडेची शिवण उसवली आणि दाजींना तसंच झोपवून मूठ-मूठ कापूस काढत गेलो. प्रत्येक मुठीनंतर बाजूने बघायचो. नाक आणि छातीचं मधलं हाड एका सरळ रेषेत आलं तेव्हा थांबलो. परातीत कापसाचा ढीग झाला होता, उशीत निम्म्याहून कमी उरला होता. दाजी उठून म्हणाले, "पाव्हणं, ही उशी हाय का पापड?" तीन आठवड्यांनी फोन आला, मान दोन्हीकडे वळतेय. व्यायामाचा वाटा त्यात नक्कीच आहे, पण तीच जाड उशी राहिली असती तर व्यायामाने तरी किती पुरं पडायचं?

तेव्हापासून कापसाची नेहमीची उशी मी सव्वा किलोची भरतो आणि पालथ्या माणसासाठी अर्धा किलोची. एक कड कच्ची टाचून देतो, घरी कमी-जास्त करता यावी म्हणून. तयार उशी घ्यायची असेल तर चेन असलेली, आतलं भरण काढता येणारी घ्या.

पोटाखाली काहीच न घेणं

पालथं झोपल्यावर सगळ्यात जड भाग म्हणजे धड, तेच खाली दबतं आणि कंबरेचा बाक वाढतो. सकाळी कंबर धरते ती यामुळे. डोक्याखालून काढलेली उशी बेंबीच्या खाली, ओटीपोटाखाली घ्या. पातळच हवी. छातीखाली घेऊ नका, त्याने मान आणखी मागे जाते.

गादी न बघता उशी घेणं

गादी खूप मऊ असेल तर पोट आत जातं आणि तीच दोन इंचांची उशी चार इंचांसारखी वागते. उशी नेहमी स्वतःच्या अंथरुणावर तपासा, घरातल्या कुणाला तरी बाजूने बघायला सांगा.

भाव बघून फोम घेणं

मेमरी फोम वाईट नाही. १९६६ मध्ये नासाच्या कामातून, विमानातल्या आसनांसाठी तो तयार झाला, विक्रेते सांगतात ते खरं आहे. पण त्याने उशीची उंची कमी होत नाही. शिवाय पालथ्या माणसाचा अर्धा चेहरा रात्रभर उशीला चिकटलेला असतो आणि हा फोम उष्णता धरून ठेवतो. सांगलीच्या मे महिन्यात ते सोसवत नाही. थंडीत तोच फोम कडक होतो. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या लोकांनी डिसेंबरात हे अनुभवलं असेल.

आणि कृपा करून फोमची उशी सुरीने कापून पातळ करू नका. दर महिन्याला कुणीतरी अशी कुरतडलेली उशी घेऊन येतं. वरचा भाग उंच-सखल होतो, चुरा पडत राहतो, अभ्रा ढिला होऊन घड्या गालाला रुततात. पंधरा मिनिटं वाचवायला गेलेल्यांची अख्खी उशी वाया जाते.

उशीखाली हात घालणं

हात जाईल तेवढी उशी वर उचलली जाते आणि दंड दबून बोटांना मुंग्या येतात. हात बाजूला मोकळे ठेवा. मुंग्या दिवसाही राहत असतील किंवा हातातली पकड सैल वाटत असेल तर उशी बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

पुरात भिजलेला कापूस वाळवून वापरणं

२०१९ च्या महापुरानंतर लोक भिजलेल्या उशा गच्चीवर वाळवून पुन्हा भरायला आणत होते. घरातलं सगळं गेलं होतं, निदान ही वस्तू वाचावी हे मला कळत होतं. पण पुराच्या पाण्यातला कापूस वरून कोरडा झाला तरी आतून कुबट राहतो, बुरशी धरतो, आणि पालथ्या माणसाचं नाक त्यालाच टेकलेलं असतं. मी तो कापूस भरला नाही, आजही भरणार नाही. चांगल्या कापसाच्या उशीला मात्र पंधरा दिवसांतून एकदा ऊन द्याच. फोम आणि लॅटेक्स कडक उन्हात ठेवू नका, लवकर खराब होतात.

वर्षाच्या आतल्या बाळाला उशीच देऊ नका, कुठलीही.

एका रात्रीत निकाल मागणं

विश्रामबागेतला एक मुलगा संध्याकाळी पातळ उशी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत दारात उभा. "झोपच लागली नाही." दहा वर्षं उंच उशीवर झोपलेली मान, ती पहिल्या रात्री कुरकुरणारच. अशांना मी एकदम अर्ध्या किलोवर आणत नाही. जुन्याच उशीतून आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम कापूस काढायला सांगतो. काढलेला कापूस पिशवीत बांधून जपून ठेवायचा आणि महिनाभराने तोच पोटाखालच्या उशीत भरायचा. त्या मुलालाही तेच सांगितलं. चौथ्या आठवड्यात तो पिशवी घेऊन आला आणि मी त्याला पोटाखालची उशी शिवून दिली.